खेळाचा तास आहे, खेळाचे शिक्षण कुठे आहे?

प्रतिनिधी

राज्यातील कोणत्याही प्राथमिक शाळेचे वेळापत्रक पाहिले, तर भाषा, गणित, परिसर अभ्यास या विषयांच्या रांगेत शारीरिक शिक्षणाचा रकाना हमखास आढळतो. त्या तासाला प्रत्यक्षात काय घडते, हे मात्र शाळेगणिक बदलते. कुठे मुले रांगेत उभी राहून कवायतीचे प्रकार करतात. कुठे एखादा चेंडू देऊन त्यांना पटांगणात सोडले जाते आणि शिक्षक कडेला बसून वह्या तपासतात. परीक्षा जवळ आली, की सर्वांत आधी हाच तास गणिताकडे वळवला जातो आणि त्याबद्दल कोणाची फारशी तक्रारही नसते. 'मुले काय, घरी गेल्यावर खेळतातच' हे त्यामागचे सर्वमान्य समर्थन असते.

वाचन शिकवताना मुलाच्या हाती पुस्तक देऊन शाळा निघून जात नाही. अक्षर, शब्द, वाक्य असा क्रम ठरलेला असतो, चूक कुठे होते ते पाहिले जाते आणि मागे पडणाऱ्या मुलासाठी वेगळा सराव घेतला जातो. धावणे, उडी मारणे, फेकणे, झेलणे या क्रियांच्या बाबतीत मात्र त्या वयाबरोबर आपोआप येतात, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक बरोबर नाही, असे बालकांच्या शारीरिक विकासाचा अभ्यास करणारे अनेक दशकांपासून सांगत आले आहेत. ही कौशल्येही क्रमाने शिकवावी लागतात आणि त्यासाठीचे सर्वांत अनुकूल वय नेमके प्राथमिक शाळेचे आहे.

कायदा काय सांगतो?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. अभ्यासक्रम कसा असावा हे सांगणाऱ्या त्याच्या २९व्या कलमात मुलाच्या शारीरिक व मानसिक क्षमतांचा पूर्णांशाने विकास, हे एक उद्दिष्ट म्हणून नमूद आहे. शाळेला क्रीडांगण असावे आणि प्रत्येक वर्गाला आवश्यकतेनुसार खेळाचे साहित्य मिळावे, असेही कायद्याची अनुसूची सांगते.

त्याच अनुसूचीत शिक्षकांची संख्या ठरवून दिलेली आहे आणि मूळ अडचण तेथेच दिसते. पहिली ते पाचवीसाठी शिक्षकसंख्या केवळ पटावर ठरते. ६० मुलांपर्यंत दोन, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार आणि १२१ ते २०० मुलांना पाच शिक्षक, असे हे कोष्टक आहे. आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी स्वतंत्र निदेशकाचा उल्लेख येतो तो सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी. तोही अंशकालीन निदेशक असतो आणि त्यासाठी पट १००च्या वर असावा लागतो. याचा सरळ अर्थ असा, की ज्या वयात शरीराची बाराखडी गिरवायची, त्या वयात हा विषय शिकवणारा स्वतंत्र माणूस कायद्यानेच गृहीत धरलेला नाही. काही खासगी शाळांनी स्वखर्चाने क्रीडाशिक्षक नेमले आहेत. जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत मात्र गणित शिकवणाऱ्या शिक्षकांनाच चेंडू झेलायलाही शिकवावे लागते.

धोरणाच्या पातळीवर या विषयाला कमी लेखले गेले, असे म्हणता येणार नाही. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने आरोग्य व शारीरिक शिक्षण दहावीपर्यंत सक्तीचे मानले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमातील आणि अभ्यासेतर विषय अशी भिंत नको, अशी भूमिका घेतली. २०२३च्या शालेय शिक्षण आराखड्यात शारीरिक शिक्षणाला इतर विषयांच्या बरोबरीचे स्थान देण्यात आले. कागद आणि पटांगण यांच्यामध्ये उभा असतो तो वर्गशिक्षक. त्याच्या हाती नेमके काय दिले आहे, हा खरा प्रश्न आहे.

कवायतीचा वारसा

महाराष्ट्राला व्यायामाची परंपरा नवी नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले. मद्रास येथे हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले आणि मुंबईत कांदिवली येथील प्रशिक्षण संस्था १९३८ची. तालीम, मल्लखांब, लेझीम, सांघिक कवायत यांचा मोठा वारसा आपल्याकडे आहे आणि तो अभिमानास्पदच आहे.

मात्र या परंपरेचा भर मोठ्या मुलांवर आणि तरुणांवर होता. शिस्त, बळ आणि एकसारखी हालचाल हे तिचे विशेष. शंभर मुलांनी एका शिट्टीवर एकाच वेळी हात वर करणे पाहायला सुंदर दिसते. परंतु त्यातून सहा वर्षांच्या मुलाला चेंडूचा वेग डोळ्यांनी मोजता येत नाही किंवा उडीनंतर गुडघे कसे वाकवावेत, हे समजत नाही. पहिली-दुसरीच्या मुलांना लागणारे शिक्षण वेगळ्या प्रकारचे आहे.

शरीराची बाराखडी

अभ्यासक या मूलभूत कौशल्यांचे साधारण तीन गट करतात. पहिला गट जागा बदलण्याच्या कौशल्यांचा. चालणे, धावणे, उडी मारणे, लंगडी घालणे, बाजूला सरकणे ही त्याची उदाहरणे. दुसरा गट वस्तू हाताळण्याच्या कौशल्यांचा असून त्यात फेकणे, झेलणे, लाथाडणे, टोलवणे, चेंडू टप्पे देत नेणे यांचा समावेश होतो. तिसऱ्या गटात तोल सांभाळणे, वळणे, वाकणे, पडताना स्वतःला सावरणे ही कौशल्ये येतात.

पुढे मूल क्रिकेट खेळो, खो-खो खेळो वा बॅडमिंटन, हीच कौशल्ये वेगवेगळ्या मिश्रणांतून त्याला वापरावी लागतात. खांद्यावरून चेंडू फेकण्याची क्रिया क्रिकेटमध्ये, हँडबॉलमध्ये, भालाफेकीत आणि व्हॉलीबॉलच्या सर्व्हिसमध्ये थोड्याफार फरकाने परत येते. ज्याला ती साधली नाही, त्याला या सगळ्याच खेळांचे दार अर्धे बंद असते.

अमेरिकी अभ्यासक व्हर्न सीफेल्ट यांनी १९८० मध्ये यालाच प्रावीण्याचा अडसर म्हटले. मूलभूत कौशल्ये एका किमान पातळीपर्यंत आली नाहीत, तर मुलाला पुढचे खेळ शिकणे अवघड जाते, अशी त्यांची मांडणी होती. नंतरच्या संशोधनाने तिला आणखी एक बाजू जोडली. ज्या मुलाला आपल्याला जमत नाही असे वाटते, ते हळूहळू खेळातून अंग काढून घेते. खेळत नाही म्हणून सराव होत नाही, सराव नाही म्हणून जमत नाही आणि जमत नाही म्हणून पुन्हा खेळत नाही, असे हे चक्र सुरू होते. सातवी-आठवीत 'मला खेळ आवडत नाही' म्हणणाऱ्या अनेक मुलांची ही आवडनिवड दुसरी-तिसरीतच ठरून गेलेली असते.

हा केवळ पदकांचा विषय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र स्वरूपाची शारीरिक हालचाल केली पाहिजे आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम केले पाहिजेत. शाळेचा आठवड्यातील दोन-तीन तासांचा खेळ ही गरज भागवू शकत नाही. त्या तासांत मुलाला हालचालीची गोडी आणि आत्मविश्वास मिळाला, तर उरलेली हालचाल ते स्वतःहून करते. शाळेने द्यायचे ते हेच.

एक कौशल्य शिकवायचे कसे?

चेंडू फेकणे हे साधे उदाहरण घेऊ. उजव्या हाताने फेकणारे बरेचसे लहान मूल उजवाच पाय पुढे टाकते किंवा दोन्ही पाय जागीच ठेवून केवळ कोपरातून हात झटकते. चेंडू दूर जात नाही आणि मूल 'मला जोर नाही' असे समजते. जोराचा येथे फारसा संबंध नसतो. पायांची जागा चुकलेली असते.

शिक्षकाने पाहायच्या गोष्टी चारच आहेत. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा खांदा लक्ष्याकडे असावा. हात मागे जाऊन कानाजवळून पुढे यावा. फेकताना डावा पाय पुढे पडावा आणि त्याबरोबर कंबर वळावी. चेंडू सुटल्यावर हात तेथेच न थांबता विरुद्ध बाजूला खाली यावा. हे सर्व एका दिवशी सांगायचे नसते. जमिनीवर चुन्याच्या फक्कीने पावलाची खूण काढून 'डावा पाय या खुणेवर' एवढीच सूचना एका तासाला पुरते. दुसऱ्या आठवड्यात खांदा, तिसऱ्यात कंबर. सुरुवातीला नेम धरायला लावू नये. भिंतीवर जोरात फेकायला सांगावे. नेमाची घाई केली, की मूल अंग चोरून हळू फेकते आणि चुकीची पद्धत पक्की होते.

झेलण्याच्या बाबतीत अडचण भीतीची असते. चेंडू येताना पाहून लहान मूल तोंड फिरवते, डोळे मिटते आणि दोन्ही हातांनी चेंडू छातीशी कवटाळू पाहते. त्याला कठीण चेंडू देऊन 'डोळे उघडे ठेव' असे ओरडण्यात अर्थ नाही. आधी हवेत सावकाश खाली येणारा रुमाल किंवा फुगा, मग चिंध्यांचा मऊ चेंडू, नंतर एक टप्पा पडून आलेला चेंडू आणि शेवटी थेट आलेला चेंडू, असा क्रम ठेवला तर भीती आपोआप ओसरते. कोपरे वाकलेली ठेवणे आणि चेंडू हातात आल्यावर हात थोडे मागे घेणे, या दोन गोष्टी त्यानंतर सांगाव्यात.

उडीचेही तसेच. उडी किती लांब गेली यापेक्षा मूल जमिनीवर कसे उतरते, हे प्राथमिक शाळेत अधिक महत्त्वाचे. ताठ गुडघ्यांनी टाचांवर उतरणाऱ्या मुलाला 'मांजरीसारखे, आवाज न करता उतर' एवढे सांगितले, तरी ते आपोआप चवड्यांवर उतरते आणि गुडघे वाकवते. मुलांना शरीरशास्त्र सांगण्याची गरज नसते. त्यांना डोळ्यांसमोर येणारी उपमा पुरते.

रांग आणि 'बाद'

शारीरिक शिक्षणाच्या तासाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे रांग. हिशेब सोपा आहे. वर्गात ४० मुले आहेत, चेंडू एकच आहे आणि सर्वजण रांगेत उभे राहून आळीपाळीने फेकत आहेत. एका फेकीला १५ सेकंद धरले, तर अर्ध्या तासात १२० फेकी होतात. प्रत्येक मुलाच्या वाट्याला तीन फेकी येतात आणि उरलेली सुमारे २९ मिनिटे ते नुसते उभे असते. याच वर्गाच्या २० जोड्या करून प्रत्येक जोडीला चिंध्यांचा एक चेंडू दिला आणि एका फेकीला सहा सेकंद धरले, तर दहा मिनिटांत प्रत्येक मुलाच्या ५० फेकी होतात. जुन्या पायमोज्यात चिंध्या भरून शिवलेल्या २० चेंडूंना खर्च जवळजवळ काहीच येत नाही.

दुसरा शत्रू म्हणजे 'बाद'. संगीत खुर्ची, शिवणापाणी, चेंडू मारून बाद करण्याचे खेळ मुलांना आवडतात, यात शंका नाही. परंतु या खेळांत सर्वांत आधी कोण बाद होते? ज्याला पळता येत नाही, ज्याचा तोल जातो, तेच मूल. ज्याला सरावाची सर्वाधिक गरज आहे त्याला सर्वांत कमी सराव मिळतो आणि जो आधीच तरबेज आहे तो शेवटपर्यंत खेळत राहतो. वर इतरांसमोर बाहेर बसण्याची नामुष्की वेगळीच. उपाय अवघड नाही. बाद झालेल्या मुलाने कडेला जाऊन पाच वेळा लंगडी घालावी किंवा चेंडू दहा वेळा झेलावा आणि परत खेळात यावे, एवढा एक नियम बदलला तरी खेळाची मजा जात नाही आणि सराव सर्वांना मिळतो.

आपलेच खेळ, नव्या नजरेने

या शिक्षणासाठी परदेशी साहित्य वा महागडी सामग्री लागत नाही. लंगडीत एका पायावरचा तोल आणि पायातील बळ यांचा उत्तम सराव होतो. मात्र दोन्ही पायांवर तो व्हावा, हे शिक्षकाने पाहावे. लगोरीत नेम, वेगाने रचना करणे आणि चेंडू चुकवणे एकत्र येते. विटीदांडू हे उडत्या वस्तूला टोलवण्याचे उत्तम शिक्षण आहे, फक्त विटीमुळे डोळ्याला इजा होणार नाही यासाठी लहान मुलांना तो चेंडू आणि फळी घेऊन खेळायला द्यावा. आट्यापाट्यांत हुलकावणी शिकता येते, तर खो-खोत बसल्या जागेवरून उठून क्षणात दिशा पकडावी लागते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषक स्पर्धेत भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले आणि दोन्ही संघांचे नेतृत्व प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते. हा खेळ गावोगावच्या शाळांच्या पटांगणात सहज खेळता येतो.

बालभारतीच्या 'खेळू, करू, शिकू' या प्राथमिक वर्गांसाठीच्या पुस्तकांतही खेळांना स्वतंत्र स्थान मिळाले. खेळांची यादी ही शिक्षकांची अडचण नाहीच. त्या खेळातून आज कोणते कौशल्य शिकवायचे, हे तास सुरू होण्यापूर्वी ठरवले, की खेळ हे शिक्षण होते. अन्यथा तो निव्वळ विरंगुळा राहतो.

ज्या शहरी शाळांना पटांगणच नाही, तेथेही तोल, लंगडी, झेल आणि दोरीवरच्या उड्या व्हरांड्यात वा बाके सरकवून वर्गात घेता येतात. क्रीडांगणाची तरतूद कायद्यात आहे आणि तिचा आग्रह धरलाच पाहिजे. ती पूर्ण होईपर्यंत मात्र तास रिकामा जाऊ देण्याचे कारण नाही.

मोजायचे काय?

केंद्र सरकारच्या फिट इंडिया चळवळीचा प्रारंभ २९ ऑगस्ट २०१९ रोजी झाला. या चळवळीअंतर्गत शालेय मुलांच्या तंदुरुस्तीच्या ज्या चाचण्या सांगितल्या आहेत, त्यांतील वयोगटांचा फरक बोलका आहे. नऊ वर्षांपुढील मुलांसाठी ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव, लवचिकता, पोटाचे व हातांचे बळ अशा चाचण्या आहेत. ५ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी उंची-वजनाच्या प्रमाणाखेरीज दोनच चाचण्या आहेत. एक, एका पायावर ६० सेकंद तोल सांभाळणे आणि दुसरी, दोन चकत्यांना हाताने आळीपाळीने वेगाने स्पर्श करणे. या वयात समन्वय आणि तोल यांकडे पाहावे, शर्यतीकडे नव्हे, हा संदेश त्यातून स्पष्ट होतो.

शिक्षकाला नोंद ठेवण्यासाठी मोठ्या तक्त्यांची गरज नाही. जूनमध्ये आणि नंतर जानेवारीत, 'फेकताना विरुद्ध पाय पुढे येतो का', 'एका पायावर दहा सेकंद उभे राहता येते का', 'चेंडू हातांनी झेलता येतो का', 'उडीनंतर गुडघे वाकतात का' या चार प्रश्नांपुढे हो किंवा नाही अशी खूण केली तरी पुरे. मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी न करता त्याच्याच जूनमधील नोंदीशी करावी.

हिवाळ्यात केंद्र, तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या स्पर्धा सुरू झाल्या, की शाळांचे लक्ष निवडक दहा-बारा मुलांवर केंद्रित होते. स्पर्धा हव्यातच. पण संघात नसलेल्या मुलांचा तासही त्या काळात चालू राहिला पाहिजे. मुलींना कडेला बसवून 'तुम्ही टाळ्या वाजवा' म्हणणे, दिव्यांग मुलाच्या हाती शिट्टी वा गुणफलक देऊन तेवढ्यावर भागवणे, हेही थांबायला हवे. मोठा चेंडू, कमी अंतर, घंटी बांधलेला चेंडू अशा लहानसहान बदलांनी त्यांनाही खेळात घेता येते. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणे तर सर्वथा चुकीचे. शारीरिक शिक्षेला कायद्याने बंदी आहेच. शिवाय धावणे म्हणजे शिक्षा, हा धडा मूल जन्मभर लक्षात ठेवते.

पालकांनी काय विचारावे?

समग्र शिक्षा योजनेत २०१८ पासून क्रीडा साहित्यासाठी सरकारी प्राथमिक शाळेला वर्षाला ५ हजार रुपयांपर्यंत, तर उच्च प्राथमिक शाळेला १० हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. ही रक्कम मोठी नाही. तिचे एक कॅरम आणि एक क्रिकेट संच असे साहित्य घेतले, तर ते चार मुलांच्या हाती राहते किंवा कपाटात. त्याच रकमेत मऊ चेंडू, दोऱ्या, रिंगा आणि खुणेसाठी शंकू घेतले, तर अख्खा वर्ग एकाच वेळी खेळू शकतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या २१व्या कलमानुसार स्थापन होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांसाठी असतात. शाळेच्या विकासाचा आराखडा तयार करणे हे या समितीचे काम आहे. बैठकीत पोषण आहार, इमारत, गणवेश यांवर चर्चा होते, तशीच खेळाच्या तासावरही व्हायला हवी. हा तास आठवड्यातून किती वेळा प्रत्यक्षात होतो? चाळीस मुलांमागे चेंडू किती आहेत? या महिन्यात मुलांना कोणते कौशल्य शिकवले? हे तीन प्रश्न विचारायला कोणत्याही क्रीडातज्ज्ञाची गरज नाही.

पहिली ते पाचवीसाठी क्रीडाशिक्षक मिळावेत, ही मागणी योग्यच आहे आणि ती सरकारकडे लावून धरली पाहिजे. वर्गशिक्षकांना या विषयाचे प्रत्यक्ष पटांगणावरचे प्रशिक्षण मिळणे, हेही तितकेच निकडीचे आहे. तोपर्यंत आज दुसरीत असलेले मूल मात्र थांबून राहणार नाही. तीन वर्षांनी ते पाचवीत असेल आणि आपल्याला खेळता येते की नाही, याबद्दलचे त्याचे मत तोवर पक्के झालेले असेल.